आधी गणपती, मग मखर

बुटांच्या दुकानात स्वतःच्या पिशवीतून इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचा सुटा तळ, काढणारं गिऱ्हाईक दुकानदाराला फारसं आवडत नाही. विकणाऱ्या मुलाने पाठ केलेलं असतं ते सगळं बुटाच्या पोटात काय काय भरलंय त्याबद्दल. हा अमुक फोम, इथे जेल, इथे कमानीला आधार, ताई नुसता पाय घालून तर बघा. आणि मी सांगते, आतला सोल काढून दे. तो काढता येतो हेच पुष्कळदा त्याला माहीत नसतं. मग मी माझे दोन्ही इनसोल काउंटरवर ठेवते. वरून निळं कापड, खालून पांढरं कडक प्लॅस्टिक, टाचेशी वापरून काळपट पडलेले. शेजारी बूट बघत बसलेलं कुटुंब किंचित बाजूला सरकतं.

पूर्वी रत्नागिरीत पहाटे रस्त्याने कुणी पळताना दिसला की तो पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असायचा. आता भाट्याच्या पुलावर बँकेतले, शाळेतले, आंब्याच्या बागा असलेले, पन्नाशी उलटलेले असे सगळे भेटतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बुटात डॉक्टरांनी दिलेलं काहीतरी असतं. कुणाची टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना ठणकते, कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: हलका बूट घ्यायचाय, कुठला घेऊ?

मी उलट विचारते, इनसोल आणलाय का बरोबर? गणपतीच्या शाळेत पाट देऊन आलं की मूर्ती केवढी होणार ते ठरतं आणि मखर त्या मापाने होतं. मखर आधी बांधून मग त्यात मावेल अशी मूर्ती शोधत फिरणारा माणूस मी तरी कोकणात पाहिलेला नाही. बुटांच्या बाबतीत मात्र भले भले तेच करतात.

माझा डावा पाय सपाट आहे. न्हाणीघरातून बाहेर आलं की लादीवर उजव्या पायाचा ठसा आतल्या बाजूने कोरलेला उमटतो, डाव्याचा अख्खा तळवा उमटतो. याची घरात कधी कुणाला फिकीर नव्हती, आणि नसावीच. सपाट पाय हा काही आजार नव्हे. अशाच पायांनी जन्मभर सडे, म्हणजे जांभ्या कातळाची माळरानं, तुडवलेली माणसं आमच्याकडे घरोघर आहेत. दुखायला लागलं तरच तो प्रश्न. माझं दुखणं पळायला लागल्यावर सुरू झालं, घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. तिथून एक स्नायूबंध तळपायाकडे जातो, टिबियालिस पोस्टिरिअर नावाचा. पायाची कमान उचलून धरण्याचं मोठं काम त्याच्याकडे असतं. पाय प्रत्येक पावलाला आत कलंडत असेल तर तो बिचारा ताणून ताणून दमतो.

कमान ही हाडांची पक्की बांधलेली गोष्ट नाही हे समजून घ्यायला दवाखान्यात जावं लागत नाही. अनवाणी उभं राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी तुमच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. तळपायाखालचा पडदा टाचेपासून बोटांपर्यंत ताणला जातो आणि कमान आपोआप वर येते. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली हे नीट मांडलं. दर पावलाला टाच उचलताना हेच घडतं. माझ्या फिजिओथेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी माझा अंगठा उचलून दाखवला. उजवी कमान झटकन वर आली. डावी आली, पण आळसावल्यागत. "म्हणजे पाय लवचिक आहे," त्या म्हणाल्या, "ताठरलेला नाही. याला आधार दिला तर उपयोग होईल." आधाराबरोबर पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलण्याचा व्यायामही दिला, आणि बजावलं की इनसोल घातला म्हणून हा सोडायचा नाही. ही दुसरी गोष्ट लोक सोयीस्कररीत्या विसरतात.

औषधांच्या दुकानात मिळणारी जेलची मऊ गादी वेगळी आणि हा इनसोल वेगळा. गादी पायाखाली मऊ लागते, बस. ऑर्थोटिकला, म्हणजे पायाच्या मापाने बनवलेल्या अशा इनसोलला, आकार असतो. माझ्या पायांचे ठसे आधी मऊ फोमच्या खोक्यात घेतले. पाय दाबला की तळवा जसाच्या तसा उमटतो. त्यावरून पॉलिप्रॉपिलिन या कडक प्लॅस्टिकचं कवच बनवलं, टाचेला खोलगट वाटी, आतल्या बाजूला कमानीचा चढ, टाचेखाली कवचाला खालून जोडलेला एक छोटा ठोकळा, वर ईव्हीए नावाच्या फोमचा पातळ थर आणि कापड. आपल्याकडे पायांसाठी वेगळे डॉक्टर असा प्रकार फारसा नाही. अस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ मिळून हे काम करतात. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची, तिथे हे तंत्र रीतसर शिकवलं जातं. कोकणातल्या माणसाला मात्र इनसोलसाठी एकदा तरी गाडी धरावी लागते, मुंबईची नाहीतर कोल्हापूर-पुण्याची.

हा इनसोल नीट वापरला तर काही वर्षं टिकतो. बुटाचा फोम मात्र पाच-सातशे किलोमीटरनंतर बसत जातो, हलक्या बुटांचा त्याहून लवकर. म्हणजे एका इनसोलच्या आयुष्यात बुटांचे अनेक जोड येणार आणि जाणार. मग माप कुणाचं धरायचं?

आता हलकेपणाचं. घरी डिजिटल वजनकाटा आहे, लोणच्याची मोहरी आणि मेथी मोजायला आणलेला. त्यावर मी वर्तमानपत्राचा कागद घालून बूट ठेवला तेव्हा सासूबाई दारातच थांबल्या. "अगो, त्यावर मेथी मोजायची की जोडे?" त्यांचं म्हणणं रास्त होतं, पण मोजल्याशिवाय राहवेना. बूट २३५ ग्रॅम. त्याच्या आतला मूळचा सोल १४ ग्रॅम. माझा इनसोल ८२. म्हणजे खोक्यावर हलका म्हणून मिरवणारा जोड माझ्या पायात येईपर्यंत दर पायाला ३०३ ग्रॅमचा झाला. जाहिरातीतला आकडा कंपनीचा असतो, तिच्या नमुन्याच्या मापाचा. आपला आकडा आपल्या काट्यावर.

आणि तरी या ६८ ग्रॅमचं मला फार वाईट वाटत नाही. बुटाचं वजन दर पायाला १०० ग्रॅमने वाढलं तर पळताना लागणारी ऊर्जा साधारण १ टक्क्याने वाढते, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. माझ्यासारखीला अर्ध्या मॅरेथॉनमध्ये फार तर मिनिटभराचा फरक. उलट किनाऱ्यावरची कोरडी वाळू बघा. बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये मोजलं, वाळूत पळायला कडक जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते, चालायला तर दुपटीहून जास्त. मांडवीच्या काळ्या वाळूत संध्याकाळी भेळ खात चालणाऱ्या कुणालाही हे न मोजता माहीत आहे. बुटातले पंधरा ग्रॅम वाचवायला पाच हजार रुपये जास्त मोजायचे आणि मग कोरड्या वाळूत पळायचं, याला काय म्हणावं?

मग हलका बूट हवा तरी कशाला, असा प्रश्न येतो. माझं उत्तर वजनाचं नाही. हलक्या बुटांत कंपनीने स्वतःची अक्कल कमी घातलेली असते. जड 'स्टॅबिलिटी' बुटांत आतल्या बाजूला कडक फोमचा ठोकळा किंवा कठडा असतो, पाय आत कलंडू नये म्हणून. असिक्सचा कायानो हा त्यातला जुना आणि नावाजलेला, १९९३ पासूनचा. इनसोल न वापरणाऱ्या कुणाला तो उत्तम असेल. पण माझ्या इनसोलने पाय आधीच बाहेरच्या बाजूला उचललाय, त्यात बुटानेही तोच धक्का दिला तर पाय बाहेरच्या कडेवर जातो आणि दुखणं आतून निघून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मुक्कामाला येतं. एका कामाला दोन मुकादम नकोत. म्हणून ऑर्थोटिकवाल्यांनी बहुतेकदा 'न्यूट्रल' म्हणतात तो साधा बूट घ्यावा. इनसोल पायाचं बघेल, बुटाने सपाट, स्थिर जागा द्यावी आणि गप्प बसावं.

पण अतिहलका बूटही कामाचा नाही. शर्यतीच्या बुटांत ग्रॅम वाचवतात ते नेमके आपल्याला लागणाऱ्या ठिकाणी. टाचेमागची कडक वाटी काढून टाकतात, आतली उंची कमी करतात, आतला सोल सरळ चिकटवून टाकतात. २०१७ मध्ये नायकेचा वेपरफ्लाय आला आणि तळात कार्बनची पट्टी घातलेल्या बुटांचं वेड सगळ्या जगात पसरलं. त्या बुटातला सोल चिकटवलेलाच आहे. आमच्यातल्या एका डॉक्टरसाहेबांनी तसलाच एक जोड घेतला आणि सोल उचकटून त्यात आपला इनसोल घालायचा बेत केला. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, उचकटल्यावर खाली डिंकाचे गोळे राहतात, त्यावर तुमचा इनसोल डुगडुगणार. ते हसले. आता तो जोड ते लग्नकार्याला घालतात.

दुकानात मी काय बघते ते सांगते. मोठं दुकान गाठायचं तर मी आंबा घाट चढून कोल्हापूरला जाते, आणि मुद्दाम संध्याकाळी दुकानात शिरते, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि पळताना आणखी. सकाळी बरोब्बर बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

पहिली गोष्ट, आतला सोल बाहेर. "ताई, ओढू नका हो, फाटंल," पोरगा म्हणाला होता. "फाटला तर पैसे माझे." तो अलगद निघाला. मग बुटात हात घालायचा, थेट टाचेपर्यंत, आणि बोटांनी तळ चाचपायचा. हे मी डोळे मिटून करते, दुकानातल्यांना काय वाटायचं ते वाटो. तळ सपाट आहे की आतल्या बाजूला फुगवटा आहे? कडेची शिवण वर आली आहे का? हल्ली एक नवीन खोडी निघाली आहे. पाय फोममध्ये 'बसावा' म्हणून टाचेच्या दोन्ही बाजूंनी फोमची भिंत वर चढवतात. साध्या पायाला ते सुखाचं असतं. माझ्या इनसोलची वाटी रुंद आणि ताठ, ती त्या दोन भिंतींच्या काठांवर अडकते आणि तळाला टेकतच नाही. बूट हातात धरून इनसोलच्या टाचेवर अंगठा आळीपाळीने डावी-उजवीकडे दाबला की कळतं. टकटक आवाज आला तर बूट परत खोक्यात.

नाही आला, तर इनसोल पूर्ण मागे सरकतो का बघायचं. टाचेमागे फट राहिली की पळताना तो मागेपुढे सरकणार आणि कमानीचा चढ नको तिथे टोचणार. पूर्ण लांबीचे इनसोल पुढून कापावे लागतात. बुटाचा मूळचा सोल त्यावर ठेवायचा, पेनाने रेघ मारायची आणि रेघेच्या बाहेरून कापायचं. कमी कापलं तर पुन्हा कापता येतं. पाऊण लांबीचे, म्हणजे चवड्याच्या अलीकडे संपणारे असतील तर पुढच्या भागात जागा जास्त राहते. त्यावर मूळचा सोल पातळ आणि सपाट असेल तरच परत घालावा.

इनसोलने पाय काही मिलिमीटर वर उचलला जातो. ऐकायला क्षुल्लक, पण त्याचे परिणाम दोन. पुढे अंगठ्याचं नख वरच्या जाळीला लागतं, आणि मागे टाच वाटीच्या वर येऊन निसटायला बघते. म्हणून पुढून खोल आणि मागून कडक असा बूट हवा. मागची वाटी अंगठ्याने आत दाबून बघावी. कागदासारखी दबली तर नको. बायकांच्या बुटांचा साचा बहुधा अरुंद असतो, त्यामुळे मी पुरुषांच्या रांगेत शिरते. यूके नंबर बहुतेक कंपन्यांत दोघांना एकच चालतो. न्यू बॅलन्स, ब्रुक्स, असिक्स यांच्याकडे काही बूट रुंद मापातही असतात, बायकांत डी, पुरुषांत टू-ई, फोर-ई अशा अक्षरांनी ओळखायचे. आपल्याकडच्या दुकानांत ते क्वचित दिसतात, मागवावे लागतात. "ताई, हे जेंट्सचे आहेत," असं मला प्रत्येक वेळी सांगितलं जातं. मी म्हणते, पायाला कुठे माहीत आहे.

टाच निसटते त्यावर लेसचा एक उपाय आहे, आणि तो इतका सोपा आहे की लोक करत नाहीत. बुटाच्या घोट्याजवळ, शेवटच्या भोकाच्या जरा मागे एक जादा भोक असतं. लेस तिथे आडवी न नेता त्याच बाजूच्या जादा भोकात वरून आत घालायची, म्हणजे बाहेर एक लहान फासा राहतो. दोन्ही बाजूंना असे फासे झाले की डावी लेस उजव्या फाशातून, उजवी डाव्यातून, आणि मग लेस मागे-खाली ओढून गाठ. टाच जागच्या जागी आवळली जाते. त्या भोकाचं काम काय हे बुटाच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

फोमबद्दल थोडक्यात. जुना ईव्हीए जरा कडक, पण स्थिर. आदिदासने २०१३ मध्ये बूस्ट आणला तो टीपीयू या रबरासारख्या प्लॅस्टिकचा, उसळी चांगली पण वजनदार. आताचा पेबा नावाचा फोम फार हलका आणि फार मऊ. मऊ फोमवर कडक कवच ठेवलं की ते एका बाजूला रुततं, आणि सपाट पायाच्या माणसाचं ते आतल्याच बाजूला रुतणार. म्हणजे पैसे मोजून बनवलेला चढ फोमने खाऊन टाकला. टाचेच्या आणि चवड्याच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तोही बघावा. आल्ट्राचे बूट शून्य ड्रॉपचे, सॉकनीचा किन्व्हारा ४ मिलिमीटरचा, बरेचसे रोजचे बूट ८ ते १२. इनसोलच्या टाचेखालचा ठोकळा त्यात भर घालतो. दहाच्या बुटाची सवय असलेल्या माणसाने एकदम शून्यावर उडी मारली तर पोटरी दुसऱ्या दिवशी हिशेब मागते.

एवढं सगळं पुस्तकी झालं. खरी परीक्षा आमच्या रस्त्यांवर. जांभा हा दगड कानशीच आहे. सड्यावरच्या कच्च्या वाटेने काही महिने पळलं की हलक्या बुटाच्या तळाचा उघडा फोम बाहेरच्या कडेने झिजून तिरपा होतो. वजन वाचवायला कंपन्या तळाला रबर फक्त टाचेशी आणि चवड्याशी लावतात, मधे उघडा फोम. डांबरी रस्त्याला ठीक आहे. तळ तिरपा झाला की वरचा इनसोलही तिरपा, मग डॉक्टरांनी अंशाअंशाने काढलेलं माप गेलं कुठे? त्यामुळे इनसोलवाल्याने बूट उलटा करून टेबलावर ठेवून मागून बघायची सवय लावून घ्यावी. वरून बूट नवाकोरा दिसतो, खालून गेलेला असतो.

आरे-वारेच्या रस्त्याला वेगळंच. तिथले चढ सगळ्यांना आठवतात, इनसोलवाल्याला उतार आठवतात. उतारावर पाय पुढे सरकतो, आणि आधीच उचललेला अंगठा जाळीवर आपटत राहतो. खाली समुद्र कितीही सुंदर दिसत असला तरी घरी येऊन मोजा काढल्यावर नख निळं. त्या रस्त्यासाठी पुढे अंगठाभर मोकळी जागा हवीच.

आणि भाट्याचा किनारा. ओहोटीला ओली, घट्ट वाळूची पट्टी उघडी पडते, तीच फक्त पळण्याजोगी. खलाशांच्या घरात भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे सहाला पाणी पार खाली गेलेलं, पट्टी रुंद, आणि अष्टमीला त्याच वेळी पाणी सुरूच्या बनाकडे सरकलेलं. मी पळण्याचं वेळापत्रक कालनिर्णयावर बघते, घड्याळात नाही. मात्र ही पट्टी समुद्राकडे उतरती असते. पुलाकडून दक्षिणेला पळताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे डावा पाय वरच्या अंगाला. वरच्या अंगाचा पाय आत कलंडतो, आणि माझा नेमका तोच पाय सपाट. म्हणून मी पट्टीवर लांब एकाच दिशेने जात नाही, मधेच वळते. येताना उजव्या पायाची पाळी. आणि वाळू बुटात गेलीच तर ती इनसोलच्या खाली जाऊन बसते, मग पावलागणिक चुंई चुंई. घरी येऊन झटकून, प्लॅस्टिकच्या कडेला टाल्कम पावडर लावली की आवाज जातो.

किनाऱ्यावर एक काका भेटतात, रोज अनवाणी चालणारे. माझ्या बुटांकडे बघून त्यांचं ठरलेलं वाक्य: "टाक काढून गो ते. अबेबे बिकिला अनवाणी पळून ऑलिंपिक जिंकला." खरं आहे, १९६० साली रोमला. पण तोच बिकिला चार वर्षांनी टोकियोला बूट घालून पळाला आणि पुन्हा जिंकला, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "मग बघ, बुटांनी काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण या वाक्यात थोडं तथ्य आहे. कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग यांनी आयुष्य याच विषयात घातलं. २०१५ च्या त्यांच्या मांडणीचा गाभा असा की बूट आणि इनसोल हाडांची चाल आपण समजतो तेवढी बदलत नाहीत, शरीर आपली वाट धरूनच चालतं, आणि पायाला जे सुखाचं वाटतं ते निवडणं हीच त्यातल्या त्यात शहाणी निवड. मला हे पटतं. इनसोल हा पाय 'सरळ' करणारा साचा आहे असं मी मानत नाही. दमलेल्या स्नायूबंधावरचा भार तो थोडा उचलतो, एवढं मला पुरे. काहींना काही महिन्यांनी तो लागतही नाही. पण सुखाचं काय हे दुकानातल्या गालिच्यावर दोन पावलं टाकून कळत नाही, आणि नवा इनसोल तर पहिल्या दिवशी सगळ्यांनाच टोचतो. आधी घरात तासभर, मग रोज थोडं वाढवत, चालून झालं की मगच पळायला.

पावसाळ्याचं सांगितल्याशिवाय कोकणातलं काहीच पूर्ण होत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बूट वाळतात ही समजूतच काढून टाकावी. जाळीचा हलका बूट इथे खरा कामाला येतो. पाणी आत येतं तसं बाहेरही जातं. पळून आलं की इनसोल आधी बाहेर. पुसून पंख्याखाली आडवा. चुलीशी किंवा गॅसजवळ नको, ईव्हीए आणि डिंक दोन्हीला उष्णता सोसत नाही. बुटात जुन्या पेपरचे बोळे, तासाने बदलायचे. वरचं आवरण चामड्याचं असेल तर दोन दिवसांत त्यावर बुरशीची पांढरी साय येते, म्हणून बनवतानाच कापडाचं किंवा ईव्हीएचं सांगावं. आणि सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून बुटांचे जोड कपाटात साठवून ठेवू नयेत. पॉलियुरेथेनचा तळ हवेतल्या ओलाव्यानेच आतून विघटित होतो. कपाटातून काढून घातलेला, दिसायला नवा बूट देवळाच्या पायऱ्यांवर भुगा होऊन पायातून गळताना मी पाहिलाय. ईव्हीएचं तसं होत नाही, पण तळ चिकटवलेला डिंक इथल्या हवेत सुटतोच. दोन जोड आलटून पालटून वापरायचे, इनसोल एकच. एक वाळत असतो तोवर दुसरा भिजतो.

आता माझी एकच तक्रार उरली आहे, ती कंपन्यांवर. मनासारखा बूट सापडला, इनसोल त्यात मुकाट बसला, की पुढच्या वर्षी त्याची नवी आवृत्ती येते. नाव तेच, आकडा एकाने वाढलेला, आणि आत टाचेशी नेमकी ती फोमची भिंत चढवलेली. माझ्या सध्याच्या बुटाचं तसंच झालं. म्हणून पुण्याच्या भाच्याला सांगून ठेवलंय, मागच्या आवृत्तीचा माझ्या नंबरचा जोड कुठे पडून असेल तर उचल, पण आधी तळ ईव्हीएचाच आहे ना बघ. काल त्याचा फोन आला.

"मावशी, मिळाले. पण एकच रंग आहे."

"कुठला?"

"पांढरा."

मी खिडकीतून अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "घे. महिनाभरात लाल होतील."